ज्यांची समाधी समुद्रात आहे

मशीद बंदर हे नाव आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांना नवे नाही. दाणाबंदर, चिंचबंदर, भातबाजार, काथाबाजार या गल्ल्यांत कित्येकांच्या तीन-तीन पिढ्यांनी पेढ्या सांभाळल्या. हळद, जिरे, सुके खोबरे आणि मिरची यांचा मिश्र दरवळ, हातगाड्यांची रांग, माथाड्यांच्या हाका आणि दुपारच्या वेळी पेढीवर येणारा डब्यांचा सुवास, हे सर्व ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या परिसराची ओळख करून देण्याचे कारण नाही. तथापि याच परिसरात, मशीद स्थानकापासून पी. डि'मेलो मार्गाकडे चालत गेल्यास लागणारी 'इंडियन सेलर्स होम' ही वास्तू आपल्यापैकी फार थोड्यांनी आतून पाहिली असेल. ज्या बाजारात आपण आयुष्यभर मालाची आवक-जावक मोजली, त्याच बाजाराला लागून जावक झालेल्या आणि पुन्हा कधीही आवक न झालेल्या माणसांची नोंद ठेवलेली आहे. प्रस्तुत लेख त्या नोंदीविषयी आहे.

या वास्तूत पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. युद्धकाळात समुद्रावर मृत्यू पावलेल्या आणि समुद्राखेरीज अन्य कोणतीही समाधी नसलेल्या अविभाजित हिंदुस्थानातील दोन हजारांहून अधिक नाविकांची ते आठवण ठेवते. त्यांत तत्कालीन रॉयल इंडियन मरीनचे लोक आहेत, व्यापारी जहाजांवरचे खलाशी आहेत, आणि एडन व पूर्व आफ्रिकेतील काही नाविकही आहेत. दुसऱ्या महायुद्धातील अशाच सुमारे साडेसहा हजार नाविकांची नावे एका नामपुस्तकात नोंदविली आहेत. त्या पुस्तकाची एक प्रत बांगलादेशातील चितगाव येथील युद्धस्मशानभूमीत आहे, तर दुसरी मुंबईत याच वास्तूत ठेवण्याची योजना झाली. या नावांपैकी सुमारे चारशे नावे रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांची आहेत. उरलेली बहुतांश नावे व्यापारी जहाजांवरील खलाशांची आहेत.

युद्धात मेलेल्यांची मोजदाद ठेवणारी संस्था २१ मे १९१७ रोजी ब्रिटिश राजसनदेने स्थापन झाली. त्या वेळी तिचे नाव इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन असे होते. १९६० पासून ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखली जाते. प्रत्येक मृताचे नाव एकतर त्याच्या थडग्याच्या शिळेवर किंवा एखाद्या स्मारकावर कोरले जावे, आणि त्यात हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद केला जाऊ नये, असे तत्त्व तिने स्वीकारले. जमिनीवर पडलेल्या सैनिकाचे थडगे शोधता येते. ज्याचा देहच मिळाला नाही त्याच्यासाठी नाव हीच शिळा ठरते. समुद्रात गेलेल्यांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नसतो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे हॉलीब्रुक स्मारक आहे. त्यावर प्रत्यक्ष ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे नाव आहे, कारण ५ जून १९१६ रोजी 'हॅम्पशायर' ही युद्धनौका बुडाली तेव्हा त्यांचा देह हाती आला नाही. त्याच स्मारकावर २१ फेब्रुवारी १९१७ रोजी बुडालेल्या 'मेंडी' या जहाजावरील दक्षिण आफ्रिकेच्या कृष्णवर्णीय श्रमपथकातील जवळजवळ सहाशे माणसांची नावे आहेत. सेनापती आणि मजूर यांची एकाच भिंतीवर गाठ पडते ती अशी.

येथे कोणी विचारील की, व्यापारी जहाजावरील खलाशाला सैनिक म्हणावे काय? त्याच्या हाती बंदूक नव्हती, हे खरे. परंतु युद्धकाळात अन्नधान्य, कोळसा, दारूगोळा आणि सैन्य वाहून नेणारे जहाज हे शत्रूचे पहिले लक्ष्य असे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील मनुष्यबळापैकी सुमारे एक चतुर्थांश खलाशी हिंदुस्थानी होते. त्यांचे वेतन युरोपीय खलाशांच्या मानाने फारच कमी होते. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्यांनी अनेक बंदरांत वेतनवाढीसाठी संप केले, तेही याच कारणाने.

हे लोक कोठले? आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या खाड्यांच्या काठचे, गोव्याचे, गुजरातच्या किनाऱ्याचे, पंजाब व सरहद्द प्रांताचे, सिल्हेट आणि चितगावचे. मुंबईतून सुटणाऱ्या जहाजांवर कामांची वाटणी साधारण ठरलेली असे. डेकवर कोकण आणि गुजरात किनाऱ्यावरची माणसे, इंजिनखान्यात पंजाबी व पठाण, आणि भोजनगृहात गोमंतकीय. डेकवरच्या टोळीचा प्रमुख तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल. सुकाणू धरणारा सुकाणी. भट्टीत कोळसा घालणारा आगवाला. स्वयंपाक करणारा भंडारी. खेड, दापोली, गुहागर भागातील जुन्या घरांत हे शब्द अजूनही सहज कानी पडतात. गोव्याच्या खलाशांसाठी धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे 'कूड' होते. जहाज मिळेपर्यंत तेथे राहावयाचे आणि जहाज मिळाले की ट्रंक तेथेच ठेवून जावयाचे. मालक परत न आलेल्या अशा किती ट्रंका तेथे पडून राहिल्या असतील!

माझा या विषयाशी संबंध आला तो बँकेतील एका जुन्या सहकाऱ्यामुळे. ते आमच्या शाखेत दफ्तरी होते. दापोली तालुक्यातील एका कोकणी मुसलमान कुटुंबातील हा गृहस्थ अत्यंत नेमस्त आणि कामात चोख. आम्ही दोघेही निवृत्त झाल्यावर एके दिवशी ते घरी आले आणि म्हणाले, "साहेब, आयुष्यभर तुम्ही लोकांचे बेवारस खाते शोधून वारसांना पैसे दिलेत. आता माझ्या आत्याचा बाप शोधून द्या."

हकीकत अशी होती. त्यांचे आजोबा बोटीवर कामाला होते. १९४२ च्या दिवाळीनंतर ते मुंबईहून आफ्रिकेच्या बोटीवर चढले आणि परतले नाहीत. त्या वेळी धाकटी मुलगी, म्हणजे ही आत्या, अवघ्या काही महिन्यांची होती. काही काळाने गावी इंग्रजीत एक कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचून बोट बुडाल्याचे सांगितले. पण मृत्यू झाला असे त्यात स्पष्ट लिहिले होते की केवळ बेपत्ता असल्याचे, याविषयी घरात कायमचे दोन तट पडले. तो कागद पुढे एका पावसाळ्यात भिजून गेला. आजीने मात्र मृत्यू मानला नाही. मुंबईहून कोणी बोटीवाला रजेवर आला की ती त्याच्या घरी जाऊन चौकशी करी. ती गेली तेव्हाही तिच्या दृष्टीने नवरा सफरीवरच होता. आत्यांनी ऐंशी ओलांडली होती, आणि त्यांचे एकच म्हणणे होते की, वडिलांची कबर कोठे आहे ते कळावे, म्हणजे तेथल्या दिशेने तरी फातिहा पढता येईल.

बँकेच्या कामात बेपत्ता माणसाचा प्रश्न आम्हांला अपरिचित नव्हता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे १०८ वे कलम मृत्युदाव्यांच्या प्रकरणांत वारंवार लागे. ज्यांना एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणे कळावयास हवी, त्यांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यानेही, पतीचा ठावठिकाणा चार वर्षे न लागल्यास पत्नीला न्यायालयाकडे दाद मागण्याचा अधिकार दिला. कायद्याला कालमर्यादा घालून द्यावीच लागते, त्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाहीत. परंतु वाट पाहणाऱ्या माणसाला अशी मर्यादा मान्य नसते, हे मी त्या घरात प्रथमच जवळून पाहिले. देह नाही, दिवस नाही, जागा नाही. मग शोक तरी कोणत्या तिथीला करावयाचा?

शोधाला आरंभ करताना हाती तीनच धागे होते: १९४२ ची दिवाळी, आफ्रिकेची बोट, आणि घरात उच्चारले जाणारे बोटीचे नाव, 'तिलावा'. हा तिसरा धागा मात्र भक्कम निघाला.

'तिलावा' हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे सुमारे दहा हजार टनांचे जहाज, १९२४ साली बांधलेले. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मुंबईहून निघाले. मोंबासा, लोरेन्सो मार्क्स म्हणजे आजचे मापुटो, आणि दरबान असा त्याचा मार्ग होता. जहाजावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची मिळून ९५८ माणसे होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस सुमारे ९३० मैलांवर, जपानच्या 'आय-२९' या पाणबुडीने त्याला पाणतीर मारला. जहाज तत्काळ बुडाले नाही. घाबरून होड्यांत उतरलेल्यांपैकी काहींना ते अद्याप तरंगत आहे असे पाहून पुन्हा आशा वाटू लागली. तोच दुसरा पाणतीर लागला आणि जहाज बुडाले. वाचलेले लोक दोन दिवस होड्यांवर आणि तराफ्यांवर होते. त्यानंतर 'बर्मिंगहॅम' या ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना उचलले. 'कार्थेज' या जहाजाने आणखी चौघांना वाचविले. २७ नोव्हेंबरला ते मुंबईत परत आले. ६७८ वाचले, २८० गेले.

आता त्या २८० जणांत आमचे गृहस्थ होते किंवा कसे, याचा लेखी पुरावा हवा होता. कमिशनच्या नोंदी आज संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. परंतु नुसते नाव घालून शोधू गेल्यास अपेक्षाभंग होतो. खलाशांची नावे त्या काळच्या कारकुनांनी कानाला जशी पडली तशी इंग्रजीत उतरविली. एकच नाव चार प्रकारे लिहिलेले आढळते. आडनाव बहुधा नसतेच. आणि त्याच त्या नावाची शेकडो माणसे असतात. बँकेत खातेदाराची सही जुळत नसली म्हणजे आम्ही अन्य खुणा पाहत असू: पित्याचे नाव, गाव, खाते उघडल्याची तारीख. तीच रीत येथे वापरली. प्रथम नाव बाजूस ठेवले. मृत्यूची तारीख आणि जहाज एवढ्यावर नोंदी वेगळ्या काढल्या. मग त्या लहान यादीत हुद्दा, वय, पित्याचे नाव आणि गाव ताडून पाहिले. युद्धमृतांच्या नोंदींत ही माहिती सर्वत्र नसली तरी पुष्कळ ठिकाणी असते.

घरातून आणखी एक आधार मिळाला. आजोबांच्या थोरल्या भावाची 'नळी' एका पेटीत सापडली. खलाशाच्या प्रत्येक सफरीचा दाखला ज्यात नोंदविला जाई त्या कागदांना खलाशी मंडळी नळी म्हणत. दोघे भाऊ एकाच बापाचे, म्हणून पित्याच्या नावाचे इंग्रजी लेखन कसे होत असे ते त्यावरून कळले. यादीतील एका नोंदीत पित्याचे नाव अक्षरशः तसेच होते. स्वतःचे नाव एका अक्षराने निराळे होते. जहाज, तारीख, हुद्दा आणि पिता या चार खुणा जुळल्यावर संशयास जागा राहिली नाही. त्या नोंदीपुढे स्मारकाचे नाव लिहिले होते: मुंबई–चितगाव.

आत्यांना घेऊन आम्ही मशीद बंदरला गेलो तो दिवस कामाचाच होता. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी सोडावी लागली, कारण पुढे हळदीच्या पोत्यांची गाडी उलगडत होती. आत्या काठी टेकीत, माणसांतून वाट काढीत चालल्या. आत पोहोचल्यावर त्यांनी प्रथम फलकांवरची नावे पाहिली. वाचता येत नव्हते, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्व पाहून घेतले. "एवढे सगळे?" एवढेच त्या म्हणाल्या. मग नामपुस्तकातील नोंद त्यांच्या पुतण्याने बोट ठेवून वाचून दाखविली. बापाचे नाव, आजोबांचे नाव, बोटीचे नाव. त्यांनी ती तीनदा वाचावयास लावली. मी कागदावर रेघा काढून मुंबई, सेशेल्स आणि आफ्रिकेचा किनारा दाखविला आणि जहाज साधारण कोठे बुडाले ते सांगितले. बंदर तर पूर्वेस, समोर. पण खुला समुद्र नैर्ऋत्येस, शहराच्या पलीकडे. आत्यांनी दिशा नीट विचारून घेतली, हात उचलले आणि दुवा मागितली. त्यानंतर त्या पुतण्याला म्हणाल्या, "अम्मा आता विधवा झाली."

ते वाक्य ऐकून मला क्षणभर काही सुचले नाही. सत्तर-ऐंशी वर्षे उघडे राहिलेले एक खाते त्या दिवशी बंद झाले. शिल्लक काही निघाली नाही. परंतु ते बंद होणे आवश्यक होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, "ज्यांनी बोट बुडवली, त्यांचे काय झाले?" याचेही उत्तर इतिहासात आहे. तीच 'आय-२९' पाणबुडी पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ च्या अखेरीस, मादागास्करजवळच्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस यांना जर्मन पाणबुडीतून आपल्याकडे उतरवून घेऊन पूर्वेकडे निघाली. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातील तो एक रोमहर्षक प्रसंग आहे. त्याच पोलादी कवचाने पाच महिन्यांपूर्वी आपल्याच २८० माणसांना समुद्रात लोटले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे २६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेच्या 'सॉफिश' या पाणबुडीने 'आय-२९' ला फिलिपिन्सच्या उत्तरेस बुडविले आणि तिच्यावरील जवळजवळ सर्व नाविक मेले. त्यांनाही समाधी नाही. मी हे सांगितल्यावर आत्या काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहिली असेल." वैराचा हिशेब इतक्या सहज सोडून देणारे माणूस मी क्वचितच पाहिले आहे.

या प्रकरणातील एक बाजू आपल्या समाजाशी अधिक निगडित आहे. 'तिलावा'वरील प्रवाशांमध्ये पूर्व व दक्षिण आफ्रिकेत व्यापार-उदीम करणारी गुजराती आणि अन्य भारतीय कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. दुकान सांभाळण्यासाठी परतणारे, पतीकडे निघालेल्या स्त्रिया, मुले. मृतांतील बहुसंख्य हे प्रवासीच होते. खलाशाचे नाव युद्धमृत म्हणून नामपुस्तकात आले. प्रवाशांची नावे अशा स्मारकांवर येत नाहीत, कारण ते ना सैन्यात होते ना जहाजाच्या सेवेत. त्यांची आठवण राहिली ती केवळ घराघरांत, आणि घरे बदलली की तीही पुसट झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये या घटनेस ८० वर्षे झाली तेव्हा देशोदेशींचे वंशज मुंबईत एकत्र आले आणि त्यांनी आपल्या माणसांना आदरांजली वाहिली. इतक्या वर्षांनी का होईना, ते झाले.

माणसांचा शोध असा उशिरा लागला. चांदीचा त्याआधी लागला. 'तिलावा'वर चांदीच्या २,३६४ विटा होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन सरकारने त्या मुख्यतः नाणी पाडण्यासाठी घेतल्या होत्या. समुद्रतळाशी, सुमारे अडीच किलोमीटर खोल पडलेल्या त्या विटा २०१७ साली एका कंपनीने वर काढून साउदॅम्प्टनला नेल्या. त्यांचे मूल्य तीन कोटी पौंडांहून अधिक होते. कंपनी आणि दक्षिण आफ्रिका सरकार यांच्यात वाद झाला, तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ८ मे २०२४ रोजी न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निर्णय दिला. आपण व्यापारी माणसे. मालाचा हक्क शाबूत राहावा, यात आपणांस वावगे वाटणार नाही. ७५ वर्षे समुद्रात पडलेल्या मालाचीही मालकी पुसली जात नाही, हा कायद्याचा चांगलाच नियम आहे. परंतु ज्या काळोखात त्या विटा मोजून वर आणल्या गेल्या, त्याच काळोखात २८० माणसेही आहेत, हे त्या बातम्या वाचताना माझ्या मनातून जाईना.

नावांच्या बाबतीतही सर्वांना समान न्याय मिळाला असे म्हणता येत नाही. इराकमधील बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे. पण तेथे हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि सामान्य शिपायांची केवळ पलटणवार संख्या. कमिशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्याच चौकशी अहवालात हा दोष मान्य केला आहे. पहिल्या महायुद्धातील आशिया-आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार जणांचे स्मरण नावानिशी झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, असे तो अहवाल सांगतो. कोलकात्यात हुगळीच्या काठी बंगाल व आसामच्या ८९६ खलाशांचे स्मारक आहे. ६ फेब्रुवारी १९२४ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. या पार्श्वभूमीवर मशीद बंदरच्या वास्तूतील नावांचे मोल अधिक वाटते. तेथे निदान दापोलीच्या खलाशाचे नाव नाव म्हणून आहे, आकडा म्हणून नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील अशीच एक जागा आपल्या यात्रामार्गावर आहे. ऊना–अजाहरा–देलवाडा–दीव अशी पंचतीर्थी करणारी आपली मंडळी अजाहरा पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन दीवला जातात. तेथे समुद्राकडे तोंड करून 'खुकरी' स्मारक उभे आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर 'खुकरी' ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्यास दिले आणि ते नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. स्मारकात काचेच्या आवरणात नौकेची प्रतिकृती आहे. त्याच नावाची पुढची नौका सेवानिवृत्त झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये दीव प्रशासनाकडे सुपूर्द झाली. दीवला गेल्यावर बहुतेक जण किल्ला पाहतात आणि किनाऱ्यावर फिरून परततात. अर्धा तास काढून या स्मारकापाशी थांबावे. त्या नाविकांची समाधी समोरच्या पाण्यात आहे, आणि ते ठिकाण आपल्या उभ्या राहिलेल्या जागेपासून फार दूर नाही.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य समजतो. आपल्या कोणाच्या घरात समुद्रावर गेलेल्या पूर्वजाची अर्धवट हकीकत सांगितली जात असेल, तर ती आजच लिहून काढावी. जहाजाचे नाव, निघण्याचे बंदर, साधारण महिना आणि पित्याचे नाव ही चार माहिती मिळाल्यास पुष्कळ वाट मोकळी होते. नावाच्या इंग्रजी लेखनावर भिस्त ठेवू नये; जहाज आणि तारीख यांवरून सुरुवात करावी. जो सैन्यात, नौदलात किंवा युद्धकारणाने मृत्यू पावलेल्या व्यापारी जहाजाच्या नोकरीत होता, त्याची नोंद कमिशनकडे मिळण्याचा संभव असतो. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाचा काळ ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ आणि पहिल्या महायुद्धाचा ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ असा धरला जातो. नोंद मिळाल्यास तिची छापील प्रत काढून घरच्या कागदपत्रांत ठेवता येते. आत्यांनी ती आपल्या पेटीत, भावाच्या नळीशेजारी ठेवली आहे.

आफ्रिकेच्या प्रवासात गेलेल्यांच्या बाबतीत सरकारी नामपुस्तक मदतीस येणार नाही. तेथे जुन्या वह्या, खतपत्रे, नातेवाइकांची पत्रे आणि वृद्धांची स्मरणशक्ती हाच आधार. पेढीच्या जुन्या वहीत संवत १९९९ च्या कार्तिकात कोणा आप्ताच्या नावे भाड्याची रक्कम खर्ची टाकलेली असेल आणि त्या खात्यावर पुढे एकही नोंद नसेल, तर ती वही रद्दीत देण्यापूर्वी एकदा घरातील वडीलधाऱ्यांना दाखवावी.